मृत्यूच्या दाखल्यात नसलेली धूळ

डिसेंबर २०२५ मध्ये राजधानी दिल्ली धुरक्यात बुडालेली असताना राज्यसभेत एका सदस्याने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला प्रश्न केला की, या विषारी हवेत दीर्घकाळ वावरल्याने माणसांच्या फुफ्फुसांची कायमची हानी होते, याची सरकारला जाणीव आहे काय? मंत्रालयाने लेखी उत्तर दिले की, हवा गुणवत्ता निर्देशांकाची वाढ आणि फुफ्फुसांचे रोग यांच्यात थेट संबंध प्रस्थापित करणारी निर्णायक आकडेवारी उपलब्ध नाही. प्रदूषण हे श्वसनविकार बळावण्याचे एक कारण आहे, एवढे मात्र मान्य. सहा वर्षांपूर्वी, डिसेंबर २०१९ मध्ये, त्याच खात्याचे तत्कालीन मंत्री प्रकाश जावडेकर यांनी लोकसभेत सांगितले होते की, प्रदूषणामुळे आयुष्य घटते असे दाखविणारा भारतीय अभ्यास नाही. मंत्री बदलले, उत्तर बदलले नाही.

या उत्तरावर वृत्तपत्रांतून टीका झाली आणि ती योग्यच होती. परंतु प्रश्नकर्ते, मंत्री आणि टीकाकार या तिघांच्याही लक्षातून एक गोष्ट निसटली. सारी चर्चा फुफ्फुसांची झाली. हवेतील सूक्ष्म धुळीचा सर्वांत मोठा घाला मात्र फुफ्फुसांवर पडत नाही. तो हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली घराबाहेरील हवेच्या प्रदूषणाने जगात ४२ लाख माणसांचे अकाली मृत्यू झाले. त्यांपैकी सुमारे ६८ टक्के हृदयाचा रक्तपुरवठा तुटल्याने किंवा मेंदूच्या झटक्याने झाले. फुफ्फुसांच्या कर्करोगाचा वाटा होता अवघा ४ टक्के. याचा अर्थ उघड आहे. धुळीने मरणारा माणूस बहुधा खोकत मरत नाही. तो छातीत कळ येऊन कोसळतो, आणि त्याच्या घरचे लोक म्हणतात, 'अटॅक आला.' धुळीचे नाव कोणी घेत नाही.

ही धूळ म्हणजे काय? डोळ्यांत जाते, कपड्यांवर बसते, झाडूने उडते ती नव्हे. ती त्रासदायक असली तरी तिचा मोठा भाग नाकात व घशात अडतो. येथे प्रश्न आहे तो अडीच मायक्रॉनहून लहान कणांचा, ज्यांना 'पी. एम. २.५' म्हणतात. माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाएवढे हे कण कोळसा, डिझेल, लाकूड, शेणी, कचरा असे काहीही जळताना निर्माण होतात. गंधकाचा आणि नत्राचा धूर हवेत विरून गेल्यासारखा वाटतो, पण तोही काही काळाने अशाच कणांत रूपांतरित होऊन शेकडो मैलांचा प्रवास करतो. असा कण थेट फुफ्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशापर्यंत पोहोचतो. तेथे हवा आणि रक्त यांच्यामध्ये एक अत्यंत पातळ पडदा तेवढा उरतो.

तेथून हृदयापर्यंत जाणाऱ्या तीन वाटा शास्त्रज्ञांनी शोधून काढल्या आहेत. पहिली वाट दाहाची. वायुकोशातील संरक्षक पेशी या परक्या कणांशी झुंजू लागतात आणि त्या झुंजीत निर्माण झालेली दाहक द्रव्ये रक्तात उतरून सर्व शरीरभर फिरतात. दुसरी वाट मज्जातंतूंची. फुफ्फुसांतील संवेदक तंतू चाळवले जाऊन हृदयाची गती सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचा तोल बिघडतो. गरजेनुसार आपली लय क्षणोक्षणी बदलण्याची निरोगी हृदयाची क्षमता मंदावते आणि ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. तिसरी वाट सरळ आहे: अतिसूक्ष्म कण व त्यांना चिकटलेले धातू पडदा ओलांडून रक्तातच शिरतात. याविषयी बरीच वर्षे शंका होती. एडिंबरो येथील संशोधकांनी २०१७ साली स्वयंसेवकांना निरुपद्रवी सोन्याचे अतिसूक्ष्म कण हुंगावयास दिले, तेव्हा ते कण त्यांच्या रक्तात आणि लघवीत सापडले. आणि मानेच्या रोहिणीवर शस्त्रक्रिया व्हावयाची होती अशा रुग्णांच्या बाबतीत ते रोहिणीतून काढलेल्या चरबीच्या थरातही सापडले. जेथे इजा आहे तेथेच हे कण जाऊन बसतात, असा त्याचा अर्थ.

तिन्ही वाटांचा शेवट एकाच ठिकाणी होतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचे काम गरजेप्रमाणे वाहिनी सैल सोडण्याचे. ते अस्तर बिघडले की वाहिनी आवळलेली राहते आणि रक्तदाब चढतो. रक्त अधिक सहज गोठू लागते आणि गोठलेली गुठळी विरघळविणारी यंत्रणा सुस्तावते. हृदयाच्या रोहिण्यांत वर्षानुवर्षे साचलेला चरबीचा थर एखाद्या दिवशी फुटतो, त्यावर गुठळी बसते आणि हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा रक्तावाचून मरतो. हा झाला झटका. झटका न येताही वाढलेल्या दाबाविरुद्ध अहोरात्र रक्त ढकलणारा हृदयाचा डावा कप्पा आधी जाड होतो, मग थकतो. पायांवर सूज येते, जिना चढताना दम लागतो. माणूस म्हणतो, वय झाले. वय चाळीस-पंचेचाळीसच असते.

हे केवळ प्रयोगशाळेतील तर्क नाहीत. अमेरिकेतील सहा शहरांमधील आठ हजारांवर माणसांचा चौदा ते सोळा वर्षे पाठपुरावा करून १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, सिगारेट, वजन, शिक्षण वगैरे फरक वजा घालूनही पोलाद आणि कोळशाच्या स्टूबेनव्हिल या गावातील मृत्युदर स्वच्छ हवेच्या पोर्टेज या गावापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक होता. २००७ साली पूर्वी झटका येऊन गेलेल्या वीस पुरुषांना एका बंद खोलीत तासभर डिझेलच्या विरळ धुरात बसवून मधूनमधून सायकल चालवावयास लावण्यात आले. स्वच्छ हवेत हाच व्यायाम केला असता जेवढा ताण पडला त्यापेक्षा धुरात त्यांच्या हृदयाला रक्त कितीतरी अधिक कमी पडले, असे विद्युत आलेखावर दिसले. धुराचे प्रमाण होते घनमीटरला ३०० मायक्रोग्रॅम. दिल्लीत, कानपुरात हिवाळ्यातील वाईट दिवसांत ही पातळी रस्त्यावर, उघड्या आकाशाखाली असते. तासभर नव्हे, दिवस दिवस. आणि तेथे सायकल चालविणारा स्वयंसेवक नसतो, पोटासाठी पायडल मारणारा रिक्षावाला असतो.

यापेक्षाही बोलका पुरावा शास्त्रज्ञांनी नव्हे, कामगारांनी दिला आहे, आणि ही हकिकत आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. जुलै १९६७ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील राज्यांत तांबे गाळणाऱ्या भट्ट्यांच्या कामगारांनी संप पुकारला. तो साडेआठ महिन्यांहून अधिक काळ चालला. त्यांच्या मागण्या वेतनाच्या व कराराच्या होत्या. हवेचा प्रश्न कोणाच्या मनातही नव्हता. पण भट्ट्या थंडावल्या, त्यांतून निघणारा गंधकाचा धूर थांबला, आणि न्यू मेक्सिको, ॲरिझोना, युटा व नेव्हाडा या चार राज्यांवरील आकाश स्वच्छ झाले. चाळीस वर्षांनी, २००७ साली, त्या काळच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा संपाच्या महिन्यांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे अडीच टक्क्यांनी खाली आल्याचे दिसले. कोण वाचले हे कोणालाच कळले नाही, वाचलेल्यांनाही नाही.

दुसरा प्रसंग युटा राज्यातल्याच प्रोव्हो शहराजवळचा. तेथील मोठा पोलाद कारखाना मालक-कामगार तंट्यामुळे १९८६ च्या ऑगस्टपासून तेरा महिने बंद राहिला. कारखाना चालू असतानाच्या हिवाळ्यांत श्वसनविकारांसाठी जितकी मुले इस्पितळात दाखल होत, त्यांची संख्या बंदच्या काळात निम्म्याहून खाली आली. पुढे संशोधकांनी त्या वर्षांतील हवा गाळून घेतलेले जुने कागद शोधून काढले आणि त्यांवरील धुळीचा अर्क निरोगी स्वयंसेवकांच्या फुफ्फुसात अल्प प्रमाणात सोडून पाहिला. चालू कारखान्याच्या वर्षांतील धुळीने दाह अधिक झाला, बंद वर्षातील धुळीने कमी. धूळ धुळीसारखी नसते. ती कोणाच्या धुराड्यातून निघाली यावर तिचे विष ठरते.

या प्रसंगांतून 'कारखाने बंद करा' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि सुखवस्तू मंडळी तो काढतातही. टाळेबंदीत अमेरिकन कामगाराच्या घरी काय शिजत होते, हा प्रश्न त्यांना पडत नाही. वास्तविक हे प्रसंग इतकेच सिद्ध करतात की, धुराड्यातून निघणारे ते विष अटळ नव्हते. ते अडविता आले असते. अडविण्याला खर्च होता, म्हणून ते शेजारच्या वस्तीच्या हृदयावर सोडून देण्यात आले.

भारतात पुरावा नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी आता भारतातलाच पुरावा पुष्कळ आहे. हैदराबादजवळील २८ खेड्यांत केलेल्या अभ्यासात, धुळीचे प्रमाण अधिक तेथे मानेच्या रोहिणीची भिंत अधिक जाड, असा संबंध आढळला. चाळिशीपुढील माणसांत आणि चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या घरांतील स्त्रियांत तो अधिक ठळक होता. रोहिणीची भिंत जाड होणे ही पुढच्या झटक्याची आगाऊ सूचना होय. मुंबई, पुणे, दिल्ली, कलकत्ता, वाराणसी, सिमला इत्यादी दहा शहरांतील २००८ ते २०१९ या काळातल्या सुमारे ३६ लाख मृत्यूंचा अभ्यास जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. या शहरांतील दर शंभर मृत्यूंमागे सात मृत्यू धुळीशी निगडित आहेत, आणि आपल्या सरकारने ठरविलेल्या ६० मायक्रोग्रॅमच्या दैनिक मर्यादेच्या आतही धोका संपत नाही, असे त्यात दिसले. जी शहरे स्वच्छ समजली जातात तीही त्यातून सुटली नाहीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशातील ६५५ जिल्ह्यांचा अभ्यास आला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाळली गेली असती तर वर्षाला सुमारे १५ लाख मृत्यू टळले असते, असा त्याचा अंदाज आहे. त्या संघटनेची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. आपली ४०, आणि तीही २००९ साली ठरविलेली.

सरकार या आकड्यांना 'मॉडेलवर आधारित अंदाज' म्हणून बाजूला सारते. मग प्रत्यक्ष नोंद कोठून आणावयाची? या देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू २०२० साली साडेबावीस टक्केच होते. उरलेले लोक कशाने मेले हे कागदावर नाही. ज्यांचे आहे त्यांच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडल्याने' एवढेच असते. मोजण्याची व्यवस्था करावयाची नाही आणि मोजमाप नाही म्हणून हात झटकावयाचे, हा सरकारी न्याय झाला.

धुळीचा हा मारा सर्वांवर सारखा पडतो, असे मानण्याची एक पद्धत आहे. 'हवेला गरीब-श्रीमंत कळत नाही' हे वाक्य दर हिवाळ्यात ऐकू येते. ते असत्य आहे, आणि शरीरशास्त्राच्या साध्या हिशेबाने असत्य आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. पाठीवर सिमेंटचे पोते घेऊन जिना चढणारा कामगार चाळीस लिटरांच्या वर घेतो, आणि तीही बहुधा तोंडाने, म्हणजे नाकातील गाळणी टाळून. चौकातील फलकावर निर्देशांक एकच असेल. छातीत जाणारी मात्रा पाचपट असते. त्यात तो वातानुकूलित खोलीत हवा शुद्ध करणारे यंत्र लावून बसलेला नाही. तो दहा तास उघड्यावर आहे, रात्री पत्र्याच्या खोपटात शेकोटीशेजारी झोपलेला आहे, आणि रक्तदाब तपासावयास त्याला कोणी कधी सांगितलेले नाही. घरात त्याची बायको ओली लाकडे फुंकत असते. २०१६ साली उज्ज्वला योजनेतून शेगडी मिळाली. पुढचे सिलिंडर भरावयास पैसे नसले की ती फळीवर जाते आणि चूल पुन्हा पेटते. चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या छायेतील वस्ती असो, मुंबईत तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत माहुलला नेऊन टाकलेले प्रकल्पग्रस्त असोत, धुराड्याशेजारी राहावयास कोण जाते, हे सांगावयास नको.

या पार्श्वभूमीवर सरकारची कृती पाहावी. औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातील गंधक काढून घेणारी यंत्रे दोन वर्षांत बसवावीत, असा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला. मुदत २०१७ ला संपली; ती वाढविण्यात आली, पुन्हा वाढविण्यात आली. अखेर जुलै २०२५ मध्ये देशातील सुमारे ७८ टक्के संचांना या यंत्रांपासून सूटच देण्यात आली. कारण दिले गेले की भारतीय कोळशात गंधक कमी असते आणि हवेतील गंधक-डायॉक्साइड मर्यादेत आहे. पण तो वायू हवेत टिकत नाही म्हणूनच कमी दिसतो. त्याचे कण झालेले असतात. १९६७ साली भट्ट्या थांबल्या तेव्हा चार राज्यांच्या हवेतून जे नाहीसे झाले ते हेच गंधकाचे कण होते. वीजकंपन्यांचा खर्च वाचला. तो खर्च नाहीसा झाला नाही, इस्पितळाच्या बिलात गेला.

२०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची कथा वेगळी नाही. १३१ शहरांच्या या कार्यक्रमात यशाचे मोजमाप जाड्या धुळीवर, दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांवर, ठरले. साहजिकच पालिकांनी पैसा रस्ते झाडण्यावर आणि पाणी शिंपडण्यावर ओतला. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०२४ मध्ये काढलेल्या हिशेबानुसार सुमारे ६४ टक्के निधी रस्त्यावरील धुळीवर गेला. कारखान्यांच्या धुरावर एक टक्काही नाही. हृदयापर्यंत पोहोचणारा कण झाडूला सापडत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकाच्या तक्त्यात 'मध्यम' पातळीवर हृदयरोग्यांचा उल्लेख आहे खरा, पण तेथेही त्यांना होतो तो 'श्वसनाचा त्रास'!

हीच दृष्टी कायद्यात आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यातील कळविण्यायोग्य व्यवसायजन्य रोगांच्या यादीत धुळीचे रोग होते ते सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, कोळसा खाणीतील फुफ्फुसरोग, सुताच्या धुळीचा बिसिनोसिस. ही यादी कामगार चळवळीने झगडून राबवावयास लावली आणि तिचे मोल कमी नाही. परंतु २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही धुळीचा रोग म्हणजे फुफ्फुसाचाच रोग. वीस वर्षे भट्टीपुढे राबलेला कामगार पन्नाशीत हृदयविकाराने गेला तर तो त्याचा खासगी मृत्यू ठरतो. डॉक्टर तंबाखूबद्दल विचारतो, तेलाबद्दल विचारतो. काय काम करत होता, हे विचारीत नाही. आणि येथे कबूल केले पाहिजे की, संघटनांनीही हे विचारलेले नाही. मुखपट्टी, साबण, गूळ यांच्या मागण्या करून आपण थांबलो, आणि हवेचा प्रश्न हा मध्यमवर्गाचा छंद आहे असे बऱ्याच वेळा समजून चाललो.

त्याची किंमत दिल्लीत दिसते. हवा अतिगंभीर झाली की सरकार बांधकामे बंद करते. कामगाराची हजेरी त्याच दिवशी तुटते. मोटारी बऱ्याच दिवस चालूच असतात. बंदीच्या काळात निर्वाह भत्ता द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये सांगावे लागले आणि २०२४ मध्ये राज्यांच्या मुख्य सचिवांना बोलावून घेऊन पुन्हा सांगावे लागले. दिल्लीने आठ हजार रुपये देऊ केले ते नोंदणी झालेल्या कामगारांना. नाक्यावर उभा राहणारा बिहारचा, बुंदेलखंडाचा, मराठवाड्याचा मजूर कोणत्याच यादीत नसतो. छाती आणि पोट यांपैकी एक निवड, असे त्याला सांगण्यात येते, आणि तो पोट निवडतो, कारण पोट रोज विचारते.

१९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर बसविलेल्या उपकराचे हजारो कोटी रुपये राज्यांच्या कल्याण मंडळांकडे न वापरता पडून राहिले आहेत. बंदीच्या प्रत्येक दिवसाची पूर्ण मजुरी, नोंदणी असो वा नसो, त्यातून देता येते. चाळिशीपुढील प्रत्येक बांधकाम, भट्टी, खाण व वाहतूक कामगाराचा रक्तदाब आणि हृदयाचा विद्युत आलेख वर्षातून एकदा काढून त्याच्या कार्डावर, तो काय काम करतो या नोंदीसह, लिहिण्यास फार मोठा निधी लागत नाही. गंधक काढणाऱ्या यंत्रांची सूट रद्द करणे, वार्षिक मर्यादा ४० वरून खाली आणणे आणि संहितेच्या यादीत धुळीमुळे होणारा हृदयविकार समाविष्ट करणे, या मागण्या जिल्हा समित्यांनी, खाण-वीज-बांधकाम संघटनांनी आपल्या मागणीपत्रांत येत्या हिवाळ्यापूर्वी घ्यावयाच्या आहेत. कार्डावरील पहिली नोंद झाली की पुढच्या अधिवेशनात 'आकडेवारी उपलब्ध नाही' हे उत्तर देताना मंत्र्यांना निदान ती कार्डे बाजूला सारावी लागतील.